पंचम तोच, पायाखालची भूमी निराळी

पाश्चात्त्य पियानोवादन कानी पडले की आपल्या घरांत पुष्कळदा एक तक्रार ऐकू येते : ‘सूर गोड आहेत, पण चाल कुठे आहे?’ ही तक्रार अगदीच निराधार नाही. तानपुऱ्याच्या अढळ षड्जावर रागाचा विस्तार ऐकण्याची सवय जडलेला आपला कान वरच्या सुरावटीचाच माग काढीत राहतो. आणि रोमँटिक काळातील पियानोसंगीताचे मर्म पुष्कळदा तिच्या खाली दडलेले असते. एका चिमुकल्या रचनेवरून हे पडताळून पाहता येईल.

पोलंडमध्ये जन्मलेल्या फ्रेदेरीक शोपँ याने आपल्या चोवीस प्रील्यूडांचा संग्रह मायोर्का बेटावरील आजारपणाच्या हिवाळ्यात पुरा केला. तो १८३९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील चौथे प्रील्यूड ई मायनरमधील असून अवघ्या पंचवीस बारांचे आहे.

ई हा षड्ज मानला, तर उजवा हात प्रारंभी पंचमावर दीर्घ ठेहराव घेतो, कोमल धैवताला किंचित स्पर्श करतो आणि पुन्हा पंचमावर येतो. तीन बारांपर्यंत एवढेच! नवशिक्यालाही वाजविता येईल अशी ही चाल. मात्र डाव्या हातात एका बारात आठ वेळा स्वरांचे झुबके हलकेच वाजत असतात, आणि त्यांतील कधी एक, कधी दुसरा स्वर अर्ध्या पायरीने खाली घसरतो. आपल्या संगीतात षड्ज स्थिर असतो, म्हणून पंचमाचे नाते ठरलेले असते. येथे पंचम तोच राहतो. पायाखालची भूमी सरकते. म्हणून तोच सूर आधी शांत, मग साशंक, मग व्याकूळ भासतो. करुणा चालीत नाही, या बदलत्या नात्यात आहे.

रचनेची बांधणीही साधीच. बाराव्या बारापाशी वाक्य अर्धवट थांबते. तेराव्यापासून आरंभ पुन्हा येतो. पण या वेळी धीर सुटतो, गती व जोर वाढतात आणि दुःख एकदाच मोठ्याने बोलून जाते. मग ओसरण, एक अनपेक्षित स्वरसमूह, आणि निःशब्द विराम. त्यानंतरच्या तीन मंद झुबक्यांपैकी शेवटच्यात षड्जाचा स्वरसमूह अखेर स्वतःच्या पायावर उभा राहतो. आरंभी तो कोमल गांधारावर टेकलेला होता.

लयीविषयी शोपँच्या शिष्यांनी नोंदविले आहे, की डाव्या हाताने काल सांभाळावा व उजव्याने मोकळेपणाने बोलावे, असा त्याचा आग्रह असे. तबलजी ठेका धरून असताना गवई मात्रेच्या मागेपुढे रेंगाळतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

घरी पेटी असेल तर प्रयोग करून पाहा. वरचा पंचम धरून ठेवा. खाली प्रथम कोमल गांधार, पंचम, षड्ज. मग शुद्ध ऋषभ, शुद्ध मध्यम, षड्ज. नंतर कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, शुद्ध निषाद असे एकत्र दाबा. बोट न हलविता पंचमाचा चेहरा पालटलेला दिसेल.

१८४९ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँचा अंत्यविधी झाला, तेव्हा हेच प्रील्यूड ऑर्गनवर वाजविले गेले. चाल कुठे आहे, असे त्या दिवशी कोणी विचारले नसेल.