आधी घड्याळ लावावे, मग नोंद करावी
(द्वितीय वर्ष, कला)

लहानपणी आपण सर्वांनीच ‘स्टॅच्यू’चा खेळ खेळला असेल. एकाने ‘स्टॅच्यू’ म्हणायचे, की दुसऱ्याने असेल तसे थिजून उभे राहायचे. ‘ओव्हर’ म्हटले, की पुन्हा हालचाल सुरू. खेळ साधा, पण त्यात एक मेख आहे. थिजलेला गडी थांबतो. सूर्य मात्र थांबत नाही. या मेखेमुळे संगणकाच्या पोटात केवढा घोटाळा होतो आणि तो कसा निस्तरला गेला, ते येथे सांगावयाचे आहे.

संगणकातील सर्व कार्यक्रमांवर देखरेख करणारी जी मूळ व्यवस्था, तिच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. साधा कार्यक्रम चुकला तर कर्नल ते सांगतो. परंतु कर्नलच चुकला तर सांगणार कोण? त्यासाठी कर्नलमध्येच एक तपासनीस बसवलेला असतो. त्याला ‘डीबगर’ म्हणतात. लिनक्स या प्रणालीतील अशा तपासनिसाचे नाव ‘केजीडीबी’. तपासणारा माणूस दुसऱ्या संगणकावर बसतो आणि दोन्ही यंत्रे तारेने जोडलेली असतात. त्याने हुकूम दिला, की एक प्रोसेसर पुढारीपण घेतो व बाकीच्यांना न टाळता येणारा इशारा पाठवून थिजवतो. मग निवांतपणे आतील नोंदी वाचता येतात.

हे काम आपल्यापासून फार दूरचे नाही. केजीडीबीच्या मूळ संहितेच्या माथ्यावर ज्यांची नावे आहेत, त्यांत अमित एस. काळे हे एक नाव आहे आणि त्यापुढे 2003-2004 ही साले आहेत. खाली लिनसिससॉफ्ट या पुण्याच्या कंपनीचेही नाव आहे. पुढे 2008 साली, 2.6.26 या आवृत्तीत, केजीडीबीला लिनक्सच्या मुख्य प्रवाहात स्थान मिळाले. ही संहिता कोणालाही वाचावयास खुली आहे. माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याला त्यातले सर्वच कळते असे नाही. परंतु त्या यादीत आपल्याकडचे आडनाव दिसले आणि पुढे वाचण्याचा धीर आला.

आता घोटाळ्याकडे वळू. कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेसरवर एक राखणदार असतो. नेमून दिलेल्या एका लहानशा कामाने ठराविक वेळाने हजेरी लावायची आणि शेवटची हजेरी किती जुनी झाली, हे राखणदाराने पाहायचे. आजच्या नेहमीच्या मांडणीत 20 सेकंदांहून अधिक काळ हजेरी लागली नाही, तर प्रोसेसर कोठेतरी अडकला असे मानून तो ओरड करतो. अडकलेले यंत्र ओळखण्याची ही चांगली सोय आहे.

परंतु डीबगरने सर्वांना पाच मिनिटे थिजवले तर? हजेरी लागणार नाही हे उघड आहे. म्हणून यंत्र पुन्हा सुरू करताना डीबगर जुनी हजेरी पुसून टाकतो, जणू सांगतो, “मागचे विसर, आतापासून मोज.” एवढ्याने काम भागायला हवे होते. तरीही खोटी ओरड होतच राहिली.

कारण घड्याळे दोन होती. एक हार्डवेअरचे, कधीही न थांबणारे. त्याला आपण भिंतीवरचे घड्याळ म्हणू. दुसरे राखणदाराच्या मनगटावरचे, भिंतीवरच्या घड्याळाशी वरचेवर जुळवून घेतले जाणारे. थिजलेल्या काळात हे जुळवणे बंद असते. समजा, 10 वाजता यंत्र थिजले व 10 वाजून 5 मिनिटांनी सुटले. सुटल्यावर पहिल्या ठोक्याला राखणदाराने पुसलेली हजेरी पाहिली आणि मनगटावर पाहून नवी नोंद केली : 10 वाजता. त्याच ठोक्यात, पण नोंद झाल्यानंतर, मनगटावरचे घड्याळ जुळवले गेले : 10 वाजून 5 मिनिटे. दुसऱ्या ठोक्याला त्याने वजाबाकी केली. पाच मिनिटे हजेरी नाही! झाली ओरड.

पाहा, राखणदार प्रामाणिक होता आणि वजाबाकीही बिनचूक होती. चूक होती ती क्रमात. 2010 साली केजीडीबीची व्यवस्था पाहणारे जेसन वेसल यांच्या दुरुस्तीने हा क्रम सुधारला. डीबगरमधून सुटल्यावर आधी घड्याळ जुळवायचे, मग हजेरी नोंदवायची, अशी खूण राखणदाराला मिळू लागली. दुरुस्ती अवघ्या काही ओळींची होती.

असाच प्रश्न घड्याळांची एकमेकांशी तुलना करणाऱ्या दुसऱ्या राखणदाराचाही आहे. संगणकातील एक जुने घड्याळ सेकंदाला सुमारे 35 लाख 80 हजार ठोके मोजते आणि साधारण 4.7 सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येते. पाच मिनिटांच्या विश्रांतीत त्याचे किती फेरे झाले, हे कोण सांगणार? म्हणून डीबगर त्याही राखणदाराला ही एक फेरी सोडून देण्यास सांगतो.

एवढ्या बारकाव्याने काय साधते, असे कोणी विचारील. ज्याला यंत्र अडकण्याचाच दोष शोधायचा आहे, त्याच्यापुढे तपासनिसानेच ‘यंत्र अडकले’ अशी खोटी साक्ष उभी केली, तर तो खऱ्या दोषाऐवजी स्वतःच्या सावलीमागे धावत राहील. इतिहासाच्या तासाला आम्हांला सांगतात, की कागद तपासताना आपल्याच हाताची शाई त्यावर लागू देऊ नये. संगणकाचा तपासनीस नेमके हेच शिकवतो. तपासणीत आपण स्वतः किती वेळ घेतला, तो हिशेब आधी चुकता करावा. मगच दुसऱ्याला उशीर झाला असे म्हणावे.