किती कमी पुरेल?

2017 च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं दगावली. कारणं बरीच निघाली. पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, पंप जोरात फवारणारे होते, मास्क-हातमोजे नावालाही नव्हते. त्यात आणखी एक कारण होतं, एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवण्याचं. एकानं अळी मरत नाही तर जोडीला दुसरं टाका, हा सल्ला कृषी केंद्राच्या काउंटरवर सर्रास मिळायचा. ती दोन एकत्र आल्यावर अळीचं काय होतं आणि पंप पाठीवर घेतलेल्या माणसाचं काय होतं, हे कोणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

कर्करोगाच्या उपचारातही हाच मोह असतो. एका औषधानं रोग आटोक्यात राहत नाही तर दुसरं जोडा. फरक एवढाच की तिथे जोडण्याआधी तपासावं लागतं, आणि तपासल्यावर बहुतेक जोड्या बाद ठरतात. पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास बराचसा या बाद जोड्यांचाच आहे. जिंकलेल्या चार-दोन जोड्यांची नावं कंपन्यांच्या माहितीपत्रकांत झळकतात. हरलेल्यांकडून जास्त शिकायला मिळतं असं मला वाटतं.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत 1993 पासून कीटकनाशकं फवारणाऱ्या शेतकऱ्यांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात प्रोस्टेटचा कर्करोग इतर लोकांपेक्षा काहीसा जास्त आढळला आणि काही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचा संबंध आक्रमक प्रकाराशी दिसला. तिथली औषधं वेगळी, फवारायची रीत वेगळी. तेव्हा त्यावरून यवतमाळच्या कोणा रुग्णाचं निदान लावणं चूक होईल. पण इथे असा अभ्यास व्हावा, एवढं म्हणायला ते पुरेसं आहे.

प्रोस्टेटचा कर्करोग म्हातारपणाचा आहे आणि म्हातारपणाच्याच आडोशाला तो दडून राहतो. रात्री चारदा उठा लागते, धार बारीक झाली, थोडं थांबून थांबून होते. वयच झालं ना आता, असं म्हणत माणूस दोन वर्षं काढतो. मग कंबर धरते. वावरात वाकून वाकून धरली असंल म्हणून मालिश होते, पट्टा येतो, दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या येतात. एक दिवस लघवी अडते आणि नळी टाकावी लागते, किंवा पायातली ताकद जाते. तेव्हा कुठे पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाची रक्ततपासणी होते आणि कळतं की दुखणं मणक्यातल्या गाठीचं होतं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा शेजारच्या सेवाग्राम-सावंगीपर्यंत पोचणाऱ्यांत असे उशिरा आलेले पुष्कळ असतात. पुढचा पल्ला नागपूर, सुमारे दीडशे किलोमीटर. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. झरी-जामणीच्या एखाद्या कोलाम पोडावरून, म्हणजे पाड्यावरून, निघालेल्या माणसाला ते अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. एसटी, ऑटो, सोबतच्या मुलाची बुडालेली मजुरी आणि नागपुरातल्या मुक्कामाची सोय, असं सगळं त्यात येतं.

अशा माणसाला काय द्यायचं, याचं पहिलं उत्तर 1941 चं आहे. शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं की वृषणं काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिलं की हाडात पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो. या कामासाठी हगिन्सना 1966 साली नोबेल मिळालं. पण रोग पुन्हा उठायचा. पुरुष-संप्रेरक थोडं का होईना मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतूनही येतं, हे हगिन्सना ठाऊक होतं. म्हणून 1945 मध्ये त्यांनी काही रुग्णांच्या त्या ग्रंथीही काढून पाहिल्या. तेव्हा कॉर्टिसोन हाताशी नव्हतं, आणि या ग्रंथींशिवाय शरीर तग धरत नाही. प्रयोग फसला. विचार मात्र बरोबर होता, आणि त्याला अबिराटेरोन या गोळीचं रूप यायला साठ-पासष्ट वर्षं लागली.

मधल्या काळात जोड्या लावण्याची मोठी लाट आली. 1980 च्या दशकात कॅनडातल्या क्युबेकच्या फर्नांड लाब्री यांनी आग्रहानं मांडलं की इंजेक्शननं वृषणं शांत करायची आणि जोडीला उरलेलं संप्रेरक अडवणारी गोळी द्यायची. जगभर चाचण्या झाल्या. 2000 साली 27 चाचण्यांमधल्या 8,275 पुरुषांचा एकत्र हिशेब 'लॅन्सेट'मध्ये आला, तेव्हा पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांत फरक निघाला दोन-तीन टक्क्यांचा. तरीही ती जुनी गोळी आपल्याकडे आजही इंजेक्शनसोबत महिनोन्‌महिने चालू राहते. इंजेक्शनच्या सुरुवातीला संप्रेरक उसळतं, तेवढे काही आठवडे तिचा खरा उपयोग असतो. त्यानंतर अनेकदा ती निव्वळ सवयीनं लिहिली जाते.

2004 मध्ये डोसिटॅक्सेल हे किमोचं औषध उपयोगी ठरलं आणि मग त्याच्या जोडीला काय काय लावून पाहिलं नाही! रक्तवाहिन्या रोखणारं बेव्हासिझुमॅब लावलं. आयुष्य वाढलं नाही, उपचारानं दगावणारे मात्र वाढले. लेनालिडोमाइड लावलं, तर त्या गटातली माणसं लवकर जाऊ लागली आणि चाचणी थांबवावी लागली. पुढे अबिराटेरोन आणि रेडियम-223 ही जोडी आली. दोन्ही औषधं एकेकटी मान्यता मिळालेली, दोन्हींचा गुण सिद्ध झालेला. एकत्र दिल्यावर हाडं मोडण्याचं प्रमाण इतकं वाढलं की 2017 मध्ये कोणाला कुठलं औषध मिळतंय हे चाचणीतलं गुपित वेळेआधी फोडावं लागलं. दोन चांगली औषधं मिळून एक चांगला उपचार होईलच असं नसतं, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

मग जिंकलं काय? औषधांपेक्षा वेळ जिंकली. डोसिटॅक्सेल पूर्वी संप्रेरकाचा उपचार हरल्यावर दिलं जाई. अमेरिकेतल्या 790 रुग्णांच्या चाचणीत ते पहिल्या काही महिन्यांतच इंजेक्शनच्या जोडीला दिलं. 2015 मध्ये निकाल आला. नुसत्या इंजेक्शनवर मध्यक आयुष्य 44 महिने, जोडीनं 57.6. तेच औषध, फक्त रोगानं वाट शोधण्याआधी दिलेलं.

ब्रिटनमधली 'स्टॅम्पीड' ही चाचणी मला या सगळ्यांत मोठी वाटते, आकारानंही आणि अकलेनंही. निकोलस जेम्स यांच्या नेतृत्वाखाली ती 2005 मध्ये सुरू झाली आणि थांबेपर्यंत तिच्यात जवळपास 12 हजार पुरुष आले. एकेका जोडीसाठी वेगळी चाचणी उभारायची तर प्रत्येकीला दहा वर्षं लागतात. इथे एकाच मांडवात अनेक गट ठेवले. नुसता संप्रेरक-उपचार घेणारा तुलनेचा गट सर्वांना सामायिक. कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवणार. आणि मध्येच हिशेब करून जो गट काही करत नाही असं दिसेल तो बंद. सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची गोळी अशीच 2011 मध्ये बाहेर पडली. हाडं बळकट करणारं झोलेड्रॉनिक आम्ल आयुष्य वाढवत नाही हे कळलं. डोसिटॅक्सेल टिकलं. 2017 मध्ये अबिराटेरोन टिकलं, आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका चाचणीनंही तेच सांगितलं. अबिराटेरोनच्या जोडीला एन्झालुटामाइड हे त्याच जातीचं दुसरं महागडं औषध लावून पाहिलं. फायदा काही नाही, त्रास तेवढा जास्त. मधुमेहाची मेटफॉर्मिनही लावून पाहिली. स्वस्त, आपल्याकडे घराघरात असलेली गोळी. पुष्कळांचा जीव तिच्यात गुंतला होता. 2024 मध्ये निकाल आला तो असा, की सरसकट सर्व रुग्णांत आयुष्य वाढत नाही.

2022 मध्ये दोन चाचण्यांनी तीन औषधं एकत्र, म्हणजे इंजेक्शन, किमो आणि नवी गोळी, हेही काही रुग्णांत सरस ठरवलं. त्यातल्या डॅरोलुटामाइड या गोळीच्या चाचणीत मृत्यूचा धोका सुमारे 32 टक्क्यांनी घटला. पाश्चात्त्य परिषदांमध्ये आता चौथं काय जोडायचं याची चर्चा चालू असते.

यवतमाळहून पाहणाऱ्याला इथे थांबून उलटा प्रश्न विचारावासा वाटतो. आणखी काय जोडता येईल हे पुष्कळांनी तपासलं. किती कमी पुरेल हे कोणी तपासलं?

काहींनी तपासलंय, आणि त्यातलं एक काम आपल्या मुंबईतलं आहे. टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे अतिमहाग इम्युनोथेरपीचं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना 20 मिलिग्रॅम दिलं, तीन स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. त्या तीनपैकी एक तीच सेलेकॉक्सिब, ब्रिटनमध्ये प्रोस्टेटला लागू न पडलेली. 151 रुग्ण. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. अशी चाचणी औषध कंपनी करणार नाही, तिनं का करावी? ती सार्वजनिक पैशानं आणि सार्वजनिक रुग्णालयातच व्हायला हवी.

प्रोस्टेटमध्ये याच्या सर्वांत जवळची गोष्ट अबिराटेरोनच्या डब्यात दडलेली आहे. 250 मिलिग्रॅमच्या 120 गोळ्यांचा डबा एक महिना पुरतो, कारण रोज चार घ्यायच्या. घ्यायच्या त्या उपाशीपोटी: आधी दोन तास आणि नंतर तासभर पोटात काही जाता कामा नये. पहाटे उठल्याउठल्या चहा घेणाऱ्या माणसाला हे सांगून पाहा! या अटीचं कारण विलक्षण आहे. जेवणासोबत घेतली की गोळी कितीतरी जास्त प्रमाणात रक्तात उतरते. तेलकट जेवणासोबत दहापटीपर्यंत. म्हणजे उपाशीपोटी चार गोळ्या घेणारा माणूस बरंचसं औषध वाया घालवत असतो. शिकागोच्या रसेल शमुलेविट्झ यांनी 72 रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना चार गोळ्या उपाशीपोटी, निम्म्यांना एकच गोळी हलक्या न्याहारीसोबत. 2018 मध्ये निकाल आला: पीएसए उतरण्यात एका गोळीचा गट मागे नव्हता. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत हा पर्याय नंतर नोंदवला गेला. एक डबा चार महिने. भारतात हे औषध अनेक कंपन्या बनवतात आणि मूळ ब्रँडपेक्षा कितीतरी स्वस्तात विकतात. त्याचाही पाव खर्च.

ही चाचणी लहान होती. तिनं पीएसए मोजला, आयुष्य नाही, आणि तिच्यातले रुग्ण पहिला उपचार हरलेले होते. म्हणून कोणी लेख वाचून घरच्या घरी गोळ्या कमी करू नयेत, डॉक्टरांशी बोलावं. पण नव्यानं निदान झालेल्या, हाडापर्यंत पसरलेल्या रुग्णांत एक गोळी चार गोळ्यांइतकीच जगवते का, ही मोठी चाचणी करण्यासाठी नागपूर-सेवाग्राम-यवतमाळ या पट्ट्याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही. संमतीपत्र मराठीत, वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी त्रयस्थ साक्षीदाराची सही, चाचणीची सरकारी नोंदणी, हे सगळं आता नियमानंच बंधनकारक आहे. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्याला 'चिठ्ठी टाकून ठरवणार' हे त्याच्या बोलीत समजावणारा माणूस मात्र शोधावा लागेल.

तोवर हाती आहे तेही थोडं नाही. 'स्टॅम्पीड'मध्येच 566 रुग्णांत डोसिटॅक्सेल आणि अबिराटेरोन यांची थेट तुलना झाली. जगण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. मग निवड सोयीनं करता येते, आणि इथे जागा बोलू लागते. डोसिटॅक्सेलची सहा सलाइनं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात होऊ शकतात. पण दर खेपेनंतर आठवडाभरात पांढऱ्या पेशी घसरतात, आणि त्या दिवसांत ताप आला तर काही तासांत रुग्णालय गाठावं लागतं. उमरखेडच्या पलीकडे, रात्री, पावसाळ्यात? अबिराटेरोनला ती भीती नाही. दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनऐवजी वृषणं काढण्याची एकदाची छोटी शस्त्रक्रिया आजही तितकीच गुणकारी आहे. तिच्यानंतर संप्रेरक काही तासांत खाली येतं आणि सुरुवातीची उसळीही नसते, त्यामुळे मणक्यावर दाब आलेल्याला ती जास्तच सोयीची. तिला नकार देणारे पुष्कळ असतात, आणि तो हक्क त्यांचा आहे. पण इंजेक्शनचा पैसा संपला म्हणून उपचार अर्धा सोडण्यापेक्षा हा पर्याय पहिल्याच भेटीत, बायको-मुलांना बाहेर बसवून, एकट्या माणसापुढे नीट मांडायला हवा.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली. प्रोस्टेटच्या रुग्णासाठी अशा केंद्राला फार काही लागणार नाही. अबिराटेरोनमुळे रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात. म्हणूनच त्याच्यासोबत प्रेडनिसोलोनची छोटी गोळी असते. कधी यकृतालाही त्रास होतो. या सगळ्यासाठी सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी आणि मग दर महिन्याला रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताची तपासणी, आणि तीन महिन्यांतून एकदा पीएसए. रक्त पुसद, वणी, पांढरकवड्याला घेता येतं आणि अहवाल फोनवर नागपूरच्या डॉक्टरांना पाठवता येतो.