रडार डिटेक्टर : जोडावा कीं न जोडावा ?

घरांत मोटार आली कीं तिच्यामागून तिचा साजशृंगारहि येतो. प्रथम बैठकींचीं आच्छादनें येतात, मग डॅशबोर्डावरचा गणपती, मग अत्तराची कुपी. आणि कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याच्या हातीं किल्ली पडली म्हणजे विजेवर चालणाऱ्या यंत्रांची पाळी येते. त्यांपैकीं दोन यंत्रांचाच विचार आम्ही येथें करणार आहों. एक रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचें वेगमापक यंत्र जवळ आहे कीं काय याची वर्दी देणारी डबी. आणि दुसरा, समोरच्या रस्त्याचें अखंड चित्र टिपणारा कॅमेरा. दोन्हीं पुढील कांचेपाशीं बसतात, दोघांनाहि फ्यूजच्या पेटींतून कायमची तार आणावी लागते. त्यामुळें तार ओढण्याचें काम करणारा कारागीर दोहोंत फरक करीत नाहीं. घरांतील वडील माणसांनीं मात्र तो केला पाहिजे.

डिटेक्टराचा उपयोग समजण्यास आधीं वेगमापक कसें चालतें तें पाहूं. मुलुंड किंवा घाटकोपरच्या फलाटावर आपण उभे असतां न थांबणारी जलद गाडी भोंगा वाजवीत येते. ती जवळ येईपर्यंत आवाज चढा असतो, आणि समोरून निघून जातांच तो एकदम उतरतो. भोंगा तोच, पण गाडीच्या गतीमुळें ध्वनीच्या लहरी आधीं दाटतात व मागाहून विरळ होतात. ऑस्ट्रियांतील शास्त्रज्ञ डॉप्लर यानें 1842 सालीं हा सिद्धांत मांडला आणि हॉलंडांत बाइस बॅलट यानें 1845 मध्यें आगगाडीवर वादक बसवून तो ताडून पाहिला. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजीं गेली, त्याच्याहि आठ वर्षें आधींची ही गोष्ट. रस्त्यावरचें रडार हाच सिद्धांत वापरतें. फक्त ध्वनीऐवजीं रेडिओलहरी सोडतें. सेकंदाला 2,415 कोटी कंपनांची लहर ताशीं 80 किलोमीटर वेगानें समोरून येणाऱ्या मोटारीवर आदळून परतली म्हणजे तिच्या कंपनांत सुमारें 3,580 ची वाढ झालेली असते. तेवढ्या फरकावरून वेग निघतो.

या लहरी मोटारीवर पडतात तशा दूरवरहि पसरतात. पोलिसाच्या यंत्राला परत आलेला क्षीण प्रतिध्वनि ओळखावा लागतो, तर डिटेक्टराला सरळ आलेली लहर मिळते. म्हणून त्याला आधीं सुगावा लागतो. युक्ति हुशारीची आहे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ती ज्या काळांत निघाली तो काळ आतां राहिला नाहीं. शेजारून जाणाऱ्या नव्या मोटारींत बगलेचें वाहन ओळखणारीं लहान रडारें असतात, मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या कांहीं दरवाजांवरहि तशाच जातीचीं यंत्रें असतात. त्या सर्वांना पाहून ही डबी ओरडत राहते. उलट महाराष्ट्राच्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझरचें वेगमापक असतें. त्याचा प्रकाशझोत तीनशें मीटरांवर जेमतेम मीटरभर रुंद होतो. तो आपल्या मोटारीवर पडून डबीनें हांक मारली, तर त्याचा अर्थ इतकाच कीं आपला वेग मोजून झाला !

मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर तर जुलै 2024 पासून निराळीच व्यवस्था आहे. तेथील कॅमेरे एका ठिकाणीं मोटारीची पाटी वाचतात, पुढील ठिकाणीं पुन्हां वाचतात आणि मधल्या वेळावरून सरासरी वेग काढतात. यांत पकडण्याजोगी लहरच नाहीं. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 सालीं घातलेल्या 167-अ या नियमानें, अशीं यंत्रें जेथें असतील तेथें तशी सूचना देणारे फलक ठळकपणें लावावेत, असें सांगितलें आहे. जी वर्दी सरकारी फलक फुकट देतो तीच विकत घेण्यांत काय मतलब आहे, हें आम्हांस कळत नाहीं. जुलै 2019 नंतर बांधलेल्या मोटारी तर ताशीं 80 किलोमीटरांच्या वर गेल्या कीं आपण होऊन अधूनमधून, आणि 120 च्या वर अखंड, पिपाणी वाजवितात. तिचा आवाज बंद करण्याची खटपट करणाराच बहुधा डिटेक्टर शोधीत असतो.

पुतणा म्हणेल, "काका, दंड वाचतो." हलक्या मोटारीला अतिवेगाबद्दल कायद्यानें एक ते दोन हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या रकमेहून येथें दुसरा हिशेब मोठा आहे. ताशीं 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला असें धरलें, तर तेवढें अंतर मोटार न रोखतांच कापते. पुढें कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें 36 मीटर लागतात. वेग 100 केला तर हे आंकडे 28 व 56 होतात. वेग सव्वापट, पण ब्रेक लावल्यानंतरचें अंतर दीडपटीहून अधिक. पूर्व द्रुतगती महामार्गावर घाटकोपरापाशीं कोणी दुभाजक ओलांडीत असेल, तर त्याचें व मागील आसनावर बसलेल्या आजीचें दैव या 26 मीटरांत असतें. व्हर्जिनियासारख्या अमेरिकन राज्यानें व फ्रान्सनें असल्या डब्यांस बंदी केली आहे. बंदी असो वा नसो, आमच्या मतें घरच्या मोटारींत तिला जागा नसावी.

कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. लालबहादूर शास्त्री मार्गावर रिक्षा घासून गेली आणि चार माणसें जमलीं, म्हणजे प्रत्येकाची हकीकत वेगळी असते. कॅमेरा एकच हकीकत सांगतो, आणि ती आपल्या विरुद्ध असली तरी सांगतो. वेगानें हांकणाऱ्या तरुणाच्या डोक्यावर तोहि एक वडीलधारा बसला, असें समजावें. तेव्हां तार ओढावयाचीच असेल तर ती याच्यासाठीं ओढावी.

या कामांत आळशी कारागिराची एक खोड फार वाईट आहे. तो तार सोलून फ्यूजच्या पायाला गुंडाळतो आणि फ्यूज पुन्हां दाबून बसवितो. सांध्याची पकड सैल होते, तो तापतो, आणि डॅशबोर्डाच्या मागें प्लॅस्टिक व कापूस यांना आंच लागण्यास तेवढें पुरतें. याऐवजीं फ्यूज टॅप म्हणून मिळणारा जोड वापरावा. त्यांत मूळ फ्यूज आपल्या जागीं राहतो आणि नव्या तारेस दोन-तीन अँपियरचा स्वतःचा फ्यूज मिळतो. फ्यूजचे आकार अनेक आहेत. आपल्या पेटींतला काढून नेऊन त्याच मापाचा टॅप आणावा. एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग अथवा इंजिनाचा संगणक यांच्या फ्यूजला हात लावूं देऊं नये. लायटरच्या खांचेचा किंवा रेडिओचा फ्यूज पुरेसा असतो. किल्ली फिरविली कीं 12 व्होल्ट आणि काढली कीं शून्य, हें मल्टिमीटरनें पाहून मगच जोडावें. कांहीं मोटारींत किल्ली काढल्यावरहि प्रवाह थोडा वेळ राहतो, म्हणून घाई करूं नये. दुसरी, म्हणजे अर्थिंगची तार रंग नसलेल्या लोखंडी बोल्टाखालीं कसून आवळावी. कॅमेऱ्यास बहुधा 5 व्होल्ट लागतात, त्यामुळें मधली रूपांतराची डबी वगळून त्याला सरळ 12 व्होल्ट दिले तर तो पहिल्याच दिवशीं निकामी होतो.

मोटार उभी असतांनाहि चित्रण व्हावें म्हणून पुष्कळजण किल्लीवर अवलंबून नसलेली, सदैव चालू असणारी तारहि जोडून घेतात. उपनगरांत येथेंच घोटाळा होतो. कामावर जाण्यास लोकल आहे, 2014 पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आहे, 2023 पासून दहिसरहून अंधेरीपर्यंत मेट्रो आहे. मोटार बिचारी रविवारपर्यंत आवारांत उभी. कॅमेरा 0.3 अँपियर घेत असेल तर दिवसाला 7.2 अँपियर-तास होतात, आणि लहान मोटारीची बॅटरी 35 अँपियर-तासांची असते. चार दिवसांत 29 गेले ! पांचव्या रात्रीं आजोबांना इस्पितळांत न्यावयाचें झालें तर किल्ली नुसती टक् करील. शिसें व आम्ल यांची भरलेली बॅटरी स्वस्थ असतां 12.6 व्होल्ट दाखविते, 12.2 वर ती निम्मी होते आणि 11.8 म्हणजे जवळजवळ रिकामी. पुष्कळ जोडणी-संचांत प्रवाह तोडण्याची मर्यादा निवडतां येते, ती 12.2 च्या खालीं ठेवूं नये. आठवडाभर मोटार निघणार नसेल, तर सदैव चालू राहणारी तार न जोडलेलीच बरी.

कांचेच्या कडेच्या खांबावर एअरबॅग असें लिहिलेलें असेल तर तार तिच्यावरून आडवी नेऊं नये; ती फुगतांना तार वाटेंत येते. तार पिशवीच्या मागून न्यावी किंवा दाराच्या रबरांत दाबून खालीं आणावी. उन्हांत उभ्या मोटारीच्या कांचेपाशीं उष्णता फार असते, तेव्हां लिथियम बॅटरीऐवजीं सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा मागावा. साधी इन्सुलेशन टेप त्या उष्णतेनें पाझरते. कापडी टेप टिकते.

राहिला पावसाळा. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हें कोणी विसरलेलें नाहीं. आणि अंधेरीचा सबवे तर दरवर्षीं भरतो. रूपांतराची डबी पायांशीं न ठेवतां डॅशबोर्डाच्या आंत उंचावर बांधावी. मोटारींत पाणी शिरलेंच, तर किल्ली न फिरवितां आधीं बॅटरीची तार सोडवावी, आणि हा नवा टॅप उपसून काढून सांधे कोरडे झाल्याशिवाय पुन्हां बसवूं नये.