आधी थेंब, मग बाटली
कातड्याच्या आसनांची निगा आणि तिच्यामागचे विज्ञान

यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना कसा असतो हे तिथल्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको. पारा कित्येक दिवस ४३-४४ अंश सेल्सियसच्या आसपास रेंगाळतो, झळांनी कान भाजतात आणि काळ्या जमिनीला हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा हवेत जमिनीसारखीच आणखी एक वस्तू तडकते. ती म्हणजे कातडे. पायातल्या वाहणा तडकतात, कमरेचा पट्टा तडकतो आणि मोटारीत कातड्याची आसने असतील तर तीही तडकू लागतात.

मोटारीतले आसन फाटले म्हणजे केवळ शोभा गेली असे नव्हे. जुनी मोटार घेऊन ती भाड्याने चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नवे कातडे चढवण्याचा खर्च म्हणजे कित्येक दिवसांची कमाई असते. म्हणून तो दुकानात धाव घेतो. तिथे बाटल्यांची रांगच असते: क्लीनर, कंडिशनर, पॉलिश, चमक आणणारा फवारा. शेजारी म्हणतो, खोबरेल चोळ. दुसरा म्हणतो, पेट्रोलने पूस. तिसरा साबणाचा फेस सुचवतो. ऐकावे कोणाचे?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर बाटलीच्या लेबलावर शोधून मिळत नाही. ते त्या आसनालाच विचारावे लागते आणि विचारण्याचे साधन अगदी साधे आहे: पाण्याचा एक थेंब. पण थेंब काय सांगतो हे समजण्यासाठी आधी कातडे म्हणजे काय ते पाहू.

तीन पेडांची दोरी

जनावराची त्वचा मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची बनलेली असते. या प्रथिनाच्या रेणूची रचना मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५४-५५ साली मांडली. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळून जणू तिपेडी दोरीच तयार झालेली असते. अशा असंख्य दोऱ्यांचे जुडगे होऊन तंतू बनतात आणि ते तंतू एकमेकांत गुंतून कातडे बनते. कातडे चिवट का असते याचे उत्तर या गुंतागुंतीत आहे.

कच्चे कातडे तसेच ठेवले तर ओलाव्यात सडते आणि सुकले की पत्र्यासारखे ताठ होते. म्हणून ते कमवावे लागते. कमावणे म्हणजे तंतूंमध्ये अशी रसायने मुरवणे, की तंतू एकमेकांना बांधले जातील आणि जंतूंना ते सहजासहजी खाता येणार नाहीत. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांत टॅनिन ही द्रव्ये असतात. आपल्याकडे शेकडो वर्षे कातडी यांच्याच साह्याने कमावली गेली. ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तिचे कातडे परंपरेने असेच कमावलेले असते. विहिरीवरची चामड्याची मोट रोज भिजून आणि सुकूनही वर्षानुवर्षे टिके, ती या कमावण्याच्या आणि वेळोवेळी दिलेल्या तेलाच्या बळावर. हे ज्ञान ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांना आपल्या समाजाने गावाबाहेर ठेवले हेही विसरता येणार नाही. आज ज्याला आपण रसायनशास्त्र म्हणतो, त्यातला बराच भाग त्यांच्या हातात होता.

अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज जगातले बहुतेक कातडे क्रोमियमने कमावले जाते. मोटारींच्या आसनांसाठी क्रोमियमशिवाय नव्या रसायनांनी कमावलेले कातडेही वापरतात. या पद्धतींमधला फरक उष्णतेच्या परीक्षेत दिसतो. भिजलेले कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंशांना आक्रसते. सालींनी कमावलेले ७० ते ८५ अंशांपर्यंत तग धरते, तर क्रोमियमने कमावलेले १०० अंशांच्या आसपास टिकते.

आता बंद मोटारीचा विचार करा. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, आसने तापतात, पण तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. बाहेर ४३ अंश असताना आतली हवा ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि थेट ऊन लागणारे काळे आसन त्याहूनही अधिक तापते. म्हणजे ओले आसन उन्हात वाळत घालणे किती धोक्याचे, हे वरच्या आकड्यांवरूनच कळते.

तेल आणि पाणी कशासाठी?

जिवंत त्वचेला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी असतात. कातड्याला त्या उरलेल्या नसतात. म्हणून कमावल्यानंतर कारखान्यात त्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब मुरवतात. बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की चाक कुरकुरत नाही. तसेच तंतूंमध्ये तेल असले की कातडे वाकवताना तंतू एकमेकांवरून सहज सरकतात. तेल गेले की तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाकवताच तुटतात. हीच ती भेग.

पाण्याचेही तसेच आहे. साधारण हवेत कातड्याच्या वजनाच्या १२ ते १५ टक्के पाणीच असते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उडून जाते आणि कातडे आखडते. पावसाळ्यात उलट प्रकार होतो. दमट हवेत कातडे पाणी शोषते आणि त्यावर बुरशी चढते. तेव्हा कातड्याची निगा म्हणजे तेल आणि पाणी या दोहोंचा तोल सांभाळणे.

थेंबाची परीक्षा

आता आसनाच्या सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्वच्छ पाण्याचा एक लहान थेंब ठेवा आणि पाच मिनिटे निरीक्षण करा.

थेंब हळूहळू आत मुरला आणि तिथला रंग गडद झाला, तर कातडे उघडे आहे. तंतूंमधल्या सूक्ष्म पोकळ्यांनी केशाकर्षणाने पाणी ओढून घेतले. रंग गडद का झाला? कोरड्या पोकळ्यांतील हवेमुळे प्रकाश चोहीकडे विखुरतो आणि पृष्ठभाग फिका दिसतो. पोकळ्यांत पाणी शिरले की विखुरणे कमी होते. पहिल्या पावसानंतर शेत काळेभोर दिसते त्याचेही कारण हेच.

थेंब मण्यासारखा तसाच बसून राहिला, तर कातड्यावर लेप आहे. मोटारींच्या बहुतेक आसनांवर रंग आणि पॉलियुरेथेन यांचा पातळ थर दिलेला असतो. त्याची जाडी माणसाच्या केसापेक्षा फारशी अधिक नसते, पण आसनाला ऊन, घाम आणि घर्षण यांपासून सांभाळणारी ढाल हीच.

तिसरीही शक्यता आहे. ते कातडे नसून रेक्झीन असेल, म्हणजे कापडावर चढवलेले प्लॅस्टिक. त्यावरही थेंब मुरत नाही. म्हणून एखादी सुटी कड सापडली तर उलट बाजू पाहा. कातड्याची उलट बाजू केसाळ, तंतुमय असते, तर रेक्झीनच्या मागे कापडाची वीण दिसते. कित्येक मोटारींत बसण्याची जागा कातड्याची आणि बाजू व पाठ रेक्झीनची असते. जाळून वास घेण्याचा प्रयोग मात्र करू नका. काही रेक्झीनच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू असतो.

क्लीनर कसा निवडावा?

कातडे कमावून तयार होते तेव्हा ते किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू साधारण ३.५ ते ५ असतो. कपडे धुण्याच्या साबणाच्या द्रावणाचा सामू ९-१० च्या घरात जातो. असे अल्कधर्मी पाणी वारंवार लागले तर तंतूंची बांधणी सैल होते, मुरवलेले तेल निघून जाते आणि लेपही खराब होतो. त्यात विहिरीचे जड पाणी असेल तर साबणाची साय बनून ती सुरकुत्यांत बसते.

क्लीनरची परीक्षा घरीच घेता येते. हळद पाण्यात दाट कालवून गाळणकागदाच्या पट्टीला लावा आणि पट्टी सावलीत वाळवा. क्लीनरचे थोडे द्रावण करून त्याचा थेंब पट्टीवर ठेवा. पट्टी लालसर झाली तर द्रावण अल्कधर्मी आहे, ते बाजूला ठेवा. पण त्याआधी नुसत्या पाण्याचा थेंब दुसऱ्या पट्टीवर ठेवायला विसरू नका. पाण्यानेच पट्टी लाल होत असेल तर दोष क्लीनरला देता येणार नाही. शास्त्रीय प्रयोगात अशी तुलना नेहमी हवी.

हळद पिवळी राहिली म्हणून मात्र क्लीनर निर्दोष ठरत नाही, कारण लिंबाच्या रसातही ती पिवळीच राहते आणि तीव्र आम्लही कातड्याला नको. शाळेच्या प्रयोगशाळेतला वैश्विक दर्शकाचा कागद मिळाला तर सामू सुमारे ५ ते ७ च्या दरम्यान आहे ना, ते पाहा.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, नखांचा रंग काढायचा द्रव यांना आसनापाशी फिरकू देऊ नका. ते लेप विरघळवतात किंवा मऊ करतात आणि उघड्या कातड्यातले तेल ओढून घेतात. शिवाय बंद मोटारीत पेट्रोलची वाफ साठली तर एका ठिणगीने भडका उडतो. इथे आसनापेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

कंडिशनर कोणाला हवा?

थेंब मुरला असेल तर कंडिशनर उपयोगी आहे, कारण त्यातले तेल तंतूंपर्यंत पोचू शकते. थेंब मुरला नसेल तर भारी कंडिशनरही मुख्यतः वरच बसून राहील. लेपाच्या आसनाला नियमित सफाई आणि उन्हापासून आडोसा यांचीच खरी गरज असते. रेक्झीनला तर कातड्याच्या तेलाचा उपयोगच नाही. त्यात तेल मुरवायला तंतूच नाहीत.

घरचे तेल चालेल का? तेलातेलांत फरक आहे. आपल्या विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्याचा कडक पापुद्रा बनतो. रंगात ते वापरतात ते याच गुणासाठी. कातड्यात हाच गुण अवगुण ठरतो. एरंडेल असे सुकत नाही. खोबरेल सुमारे २४-२५ अंशांखाली गोठते, म्हणजे आपल्या हिवाळ्यात ते कातड्यातही घट्ट होणार. चपलेला तेल चोळणे वेगळे आणि आसनाला चोळणे वेगळे. आसनावरचे जादा तेल कपड्यांना लागते आणि त्यावर धूळ चिकटते. डोके टेकण्याच्या जागी केसांच्या तेलाने काय अवस्था होते ते पाहिलेत म्हणजे पटेल. चमक आणणाऱ्या फवाऱ्याने तर फसूच नका. गुळगुळीत थरावरून प्रकाश नीट परावर्तित झाला की चमक दिसते. तिचा आतल्या तंतूंच्या आरोग्याशी संबंध असेलच असे नाही.

कामाचा क्रम

पहिली पायरी धुळीची. धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते लेपापेक्षा कितीतरी कठीण असतात. वणी भागात कोळशाच्या वाहतुकीची धूळ असते, तर अन्यत्र शेतरस्त्यांची. ती न काढता ओले फडके फिरवले, तर आपण आसनावर पॉलिशकागदच घासत असतो. म्हणून आधी मऊ ब्रशने किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्राने धूळ काढावी.

मग क्लीनर थोडा फडक्यावर घ्यावा, आसनावर ओतू नये. हलक्या हाताने पुसून स्वच्छ ओलसर फडक्याने तो काढावा आणि लगेच कोरडे करावे. वाळवणे सावलीत, दारे उघडी ठेवून. कंडिशनर हवाच असेल तर आधी लपलेल्या कोपऱ्यात लावून एक दिवस थांबावे. रंग बदलला नाही, चिकटपणा आला नाही, तरच बाकी आसनाला अगदी पातळ हात द्यावा. बुरशी दिसली तर ती मोटारीबाहेरच्या हवेत, नाकावर फडके बांधून पुसावी आणि आतला ओलावा घालवावा. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे मोटार कडुलिंबाच्या सावलीत उभी करणे. त्यासाठी कोणतीही बाटली लागत नाही.

तुमच्या घरी मोटार नसली तरी हे सारे तपासून पाहता येईल. गावातल्या चर्मकार काकांकडून कातड्याचे चार टाकाऊ तुकडे मागून आणा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला एरंडेल लावा, तिसऱ्याला जवसाचे तेल, चौथा साबणाच्या पाण्याने रोज धुवा. चारही महिनाभर एकाच जागी ठेवा. दर आठवड्याला वाकवून पाहा, रंग व कडकपणा वहीत टिपा. महिनाअखेर ती वही आणि ते तुकडे घेऊन त्याच काकांकडे जा आणि त्यांचे मत विचारा. तुम्ही महिनाभरात जे टिपले, ते त्यांच्या बोटांना नुसत्या स्पर्शाने कळेल. मग ते कसे कळले, हेही त्यांच्याकडून शिकून घ्या.