नऊ-दहा तासांचं विमान आणि तीन वर्षांचं लेकरू

आमची ताई कड्याहून निघून मुंबईमार्गे लंडनला चाललीय, तीन वर्षांच्या भाच्याला घेऊन, एकटीच. विमानातच नऊ-दहा तास. तिचा प्रश्न साधा: लेकराला मोबाईल द्यायचा का?

द्यायचा, पण शेवटी. स्क्रीन म्हणजे पॉवर बँक समजा. पहिल्याच तासात वापरली तर पुढं काय?

आधी पिशवीतून एकावेळी एकच नवी वस्तू काढा: स्टिकर, खडू, होडीसाठी कागद. मग चिऊ-काऊची गोष्ट, चिऊच्या जागी लेकराचं नाव घालून. व्हिडिओ घरीच डाउनलोड करा आणि फ्लाइट मोडवर चालतात का, तेही घरीच बघा.

विमान उतरताना मात्र खेळ बाजूला. केबिनमधला हवेचा दाब वाढतो. कानातून घशाकडे जाणारी नळी लहान मुलांत अरुंद असते, त्यामुळं आतला दाब पटकन जुळत नाही आणि कान ठणकतो. गिळलं की ती नळी उघडते. म्हणून उतरायच्या अर्धा तास आधी उठवा, घोट घोट पाणी पाजा.

तेव्हाचं रडणं बऱ्याचदा हट्ट नसतो, दुखणं असतं. शेजारच्यांच्या नजरा राहू द्या, आधी कान बघा.