यंत्राच्या पोटात (भाग ९) : दोन वह्या आणि मोठं पान

प्रोग्रॅमला दिसणारा मेमरीचा पत्ता खोटा असतो आणि खरा पत्ता शोधायला प्रोसेसर पेज टेबलाच्या चार पायऱ्या उतरतो, इथं आपण मागच्या आठवड्यात थांबलो होतो. ४ केबीचं एक पान, अशी मेमरीची वाटणीही पाहिली होती. आज या घरात पोटभाडेकरू आणू.

लिनक्स कर्नलमधल्या केव्हीएम या सोयीच्या आधारे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन, चालू केलं की आतल्या पाहुण्या यंत्रणेला वाटतं, मेमरी आपल्याच मालकीची आहे. ती स्वतःची पेज टेबलं मांडते आणि त्यांतून निघालेला पत्ता खरा धरून चालते. तोही खोटाच असतो. बाहेरच्या, म्हणजे यजमान कर्नलने मांडलेल्या पेज टेबलांच्या दुसऱ्या वहीत पाहून प्रोसेसर तो पुन्हा बदलतो. या वहीला इंटेलवाले ईपीटी म्हणतात, एएमडीवाले एनपीटी.

आता खर्च मोजा. पाहुण्याची वहीसुद्धा मेमरीतच असते आणि तिचे पत्तेही पाहुण्याचेच. म्हणून त्याची एकेक पायरी उतरण्याआधी यजमानाच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि शेवटी हाती आलेल्या पत्त्यासाठी आणखी चार. पाच चोक वीस. त्यात पाहुण्याच्या स्वतःच्या चार नोंदी मिळवल्या की चोवीस. एक बाइट वाचायचा आणि त्यासाठी चोवीस ठिकाणी चौकशी! सरकारी कचेरीतसुद्धा एवढे टेबल नसतात.

सुदैवाने हे दर वेळी होत नाही. एकदा सापडलेला पत्ता प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या टिपणवहीत लिहून ठेवतो. पण ती खरंच छोटी असते. इंटेलच्या स्कायलेक पिढीत टीएलबीच्या दुसऱ्या स्तरावर १५३६ नोंदी मावतात. ४ केबीच्या पानांनी त्यांत जेमतेम ६ एमबी मेमरी बसते. २ एमबीची पानं वापरली तर तेवढ्याच नोंदींत ३ जीबी. शिवाय मोठ्या पानाला एक पायरी कमी लागते. दोन्ही वह्यांत २ एमबीची पानं असतील तर चोवीसाच्या पंधरा खेपा होतात.

मात्र ‘दोन्ही वह्यांत’ हे शब्द महत्त्वाचे. फक्त यजमानाने मोठं पान दिलं आणि पाहुणा ४ केबीवरच राहिला, तर खेपा एकोणीस होतात. पण टीएलबीत नोंद होते ती लहान पानाचीच. अर्धा फायदा तिथंच गेला.

केव्हीएम हे पान देतं कसं? पाहुण्याने अजून न जोडलेल्या पत्त्याला हात लावला की प्रोसेसर काम थांबवून यजमानाकडे येतो. पाहुण्याची सगळी मेमरी यजमानाच्या दृष्टीने, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूइमू या साध्या प्रोग्रॅमचीच असते. तिथं त्या जागी खरोखर मोठं पान आहे का, हे केव्हीएम पाहतं. मग मापाची जुळणी. पाहुण्याचा पत्ता आणि क्यूइमूचा पत्ता, दोघांना २ एमबीने भागल्यावर बाकी सारखीच उरली पाहिजे. एक पान जरी सरकलेलं असेल तरी मोठी नोंद करता येत नाही. म्हणून क्यूइमू पाहुण्याची मेमरी मुळातच २ एमबीच्या हद्दीवर मागून घेतं.

ही पानं आणायची कुठून? पहिला मार्ग म्हणजे आधीच राखून ठेवणं. १ जीबीची पानं हवी असतील तर मशीन सुरू होतानाच राखावीत. नंतर सलग मोकळी जागा मिळणं कठीण. दुसरा मार्ग २०११ मध्ये लिनक्स २.६.३८ मध्ये आला. आंद्रेआ आर्कांजेली यांच्या या कामात कर्नल स्वतःच मोठी पानं देतं, आणि ‘केह्यूजपेजडी’ हा धागा मागाहून विखुरलेली लहान पानं गोळा करून मोठं पान बनवतो. चिल्लर जमवून नोट करण्यासारखंच हे काम आहे, आणि तितकंच वेळखाऊ. माझं मत विचाराल तर मोजकी, मोठी आणि कायमची व्हर्च्युअल मशीनं असतील तिथं सरळ पानं राखावीत.

नोट मोडायला मात्र कारणं भरपूर. चालतं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना कोणती पानं बदलली याची नोंद ठेवावी लागते. पान २ एमबीचं असेल तर एक बाइट बदलला तरी अख्खे २ एमबी पुन्हा पाठवायचे. म्हणून केव्हीएम त्या काळात नोंदी ४ केबीवर आणतं. सारखी पानं एकत्र करून मेमरी वाचवणारं केएसएमही लहान पानांवरच चालतं. २०१९ च्या नोव्हेंबरात तर वेगळीच भानगड उघड झाली. इंटेलच्या काही प्रोसेसरांवर आतला पाहुणा, कोड असलेल्या पानाचं माप मुद्दाम बदलून सगळा यजमान सर्व्हर बंद पाडू शकत होता. तेव्हापासून अशा प्रोसेसरांवर पाहुणा मोठ्या पानातला कोड चालवायला गेला की केव्हीएम ते पान तुकड्यांत मोडतं.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘मेमइन्फो’ फाइल उघडा आणि ‘ॲननह्यूजपेजेस’ ही ओळ पाहा. कर्नलने स्वतःहून दिलेली मोठी पानं तिथं केबीत मोजलेली असतात. पाहुण्या मशीनमध्ये आणि यजमानावर, दोन्हीकडे पाहा. पुढच्या आठवड्यात बलूनिंग: पाहुण्याकडून मेमरी परत मागायची पद्धत. तीही ही पानं मोडते.