उपग्रहांतील इलेक्ट्रॉनची वाट

आकाशांतील तारे आपण डोळ्यांनीं पाहतों. परंतु क्ष-किरण व गॅमा-किरण ह्यांपुढें आपला डोळा आंधळा आहे. शिवाय हे किरण वातावरणांतून जमिनीपर्यंत पोंचत नाहींत. त्यांचा वेध घेणारें यंत्र वातावरणाच्या वर न्यावें लागतें. असें यंत्र काय टिपतें, आणि त्याच्या साक्षीवर किती विश्वास ठेवावा, हें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

२८ सप्टेंबर २०१५ रोजीं भारतानें 'ॲस्ट्रोसॅट' नांवाचा उपग्रह सुमारें ६५० किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावरील 'सीझेडटीआय' हें यंत्र मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचें आयुका व इतर संस्था ह्यांनीं मिळून घडविलें. त्यांत कॅडमियम, जस्त व टेल्यूरियम ह्यांच्या स्फटिकाच्या ६४ लहान फरशा असून प्रत्येकीचे २५६ चौकोन पाडलेले आहेत. म्हणजे एकंदर १६,३८४ चौकोन झाले.

किरण स्फटिकांत शिरला कीं तो एखाद्या अणूंतून इलेक्ट्रॉन उडवितो. हा इलेक्ट्रॉन सरळ जात नाहीं. अणूंना धडकत, वळत, प्रत्येक धक्क्यास थोडी शक्ति सांडीत तो बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आंतच थांबतो. सांडलेल्या शक्तीनें विद्युद्भार मोकळा होतो, व तो चौकोनावर मोजला जातो. कधीं किरण अर्धीच शक्ति देऊन शेजारच्या चौकोनांत उडी घेतो. मग एका किरणाच्या दोन खुणा उमटतात. सारांश, यंत्रास किरण दिसत नाहीं. इलेक्ट्रॉनची पाऊलखूण तेवढी दिसते.

किरण नेहमीं समोरूनच येतात असेंही नाहीं. बाजूनें आलेला किरण उपग्रहाचे पत्रे व शेजारच्या दुर्बिणी ह्यांवर आपटून, निम्मा गळून यंत्रांत शिरतो. मग मोजलेल्या आंकड्यावरून मूळचा प्रकाश किती, हें कसें ठरवावें? उपग्रह खालीं आणून तपासतां येत नाहीं. म्हणून संशोधक संगणकांत उपग्रहाची कल्पित प्रतिकृति उभारतात व तिच्यांत लाखों किरण आणि इलेक्ट्रॉन सोडून पाहतात.

लातूरकर वाचकांनीं येथें गंजगोलाई डोळ्यांपुढें आणावी. तेथें सोळा रस्ते मिळतात. मधोमध उभा असलेला एक मनुष्य कोणत्या रस्त्यानें जाईल हें सांगतां येणार नाहीं. परंतु प्रत्येक रस्त्यानें शेंकडा किती जण जातात हें ठाऊक असेल, तर त्या प्रमाणांत फांसे टाकून दहा हजार माणसें कागदावर चालवितां येतील, व कोठें किती गर्दी होईल हें बहुतेक अचूक सांगतां येईल. इलेक्ट्रॉनचेंही तसेंच. पुढचा धक्का किती अंतरावर, वळण किती अंशांचें, शक्ति किती गेली, ह्यांचें प्रमाण भौतिकशास्त्रानें मोजून ठेविलें आहे. फांसा संगणक टाकतो. फांशांच्या ह्या पद्धतीस जुगाराबद्दल प्रसिद्ध असलेल्या मॉन्टे कार्लो गांवाचें नांव पडलें. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेंत उदयास आलेली 'जिआंट-४' ही संगणक-प्रणाली ह्याच कामाची असून, ॲस्ट्रोसॅटची प्रतिकृति तिच्याच साह्यानें उभारली आहे.

प्रतिकृतीचीही परीक्षा घ्यावी लागते. अमेरिशियम-२४१ ह्या धातूच्या एका किरणाची शक्ति ५९.५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, हें पक्कें ठाऊक आहे. तो किरण खऱ्या व कल्पित अशा दोन्ही यंत्रांवर सोडावा. उत्तरें जुळलीं नाहींत, तर प्रतिकृति सुधारावी.

एवढा खटाटोप कशासाठीं? ४ जानेवारी २०१७ रोजीं अमेरिकेंतील यंत्रांनीं गुरुत्वतरंग टिपले. त्यांचा उगम शोधतांना आकाशांत एक मावळता प्रकाश दिसला, व हाच तो उगम काय, अशी शंका आली. परंतु गुरुत्वतरंगांनंतर सुमारें २१ तासांनीं झालेला एक निराळाच गॅमा-किरणांचा स्फोट सीझेडटीआयनें टिपला होता. तो प्रकाश ह्या स्फोटाचा, असें दिसून आलें, आणि चुकीचें नातें जोडलें जाणें टळलें. शिवाय, तरंगांच्या क्षणीं यंत्रास कांहींच दिसलें नाहीं, ह्या उत्तरासही अर्थ आहे. मात्र स्फोट झाला असता तर तो किती दिसला असता, हें आधीं प्रतिकृतीवरून ठाऊक असावें लागतें.

नांदेडशेजारीं हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वतरंगांची वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें मंजुरी दिली. तेथील वेधांसही अशाच पारखलेल्या साक्षीदारांची जोड लागेल. विद्यार्थीमित्रहो, संभाव्यतेचें गणित शिकतांना फांसे व पत्ते ह्यांची उदाहरणें तुम्हांस पोरखेळ वाटतील. इलेक्ट्रॉनची वाट त्याच गणितानें सांपडते, हें ध्यानांत असूं द्यावें.